हिशेब मागितला आणि त्यानं जिवाचं काही बरंवाईट केलं तर?

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हे लिहायला तिची संमती आहे.)

"मॅडम, मी पैशांचा हिशेब मागितला आणि त्यानं जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं, तर ते माझ्यावरच येईल ना?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्यावर नीट टेकायच्या आधीच तिनं हे विचारलं. प्रश्न पाठ झाल्यासारखा होता, इतक्या वेळा तो तिच्या मनात घोळला असणार.

ती स्वतंत्र संगीतकार. गाणी लिहिते, गाते, घरातल्या एका खोलीत रेकॉर्डिंग करते. त्यांच्या वर्तुळात एक मित्र छोटं लेबल, म्हणजे गाणी प्रसिद्ध करणारी कंपनी, चालवतो. तिचं पहिलं गाणं त्यानंच रिलीज केलं होतं, तेही कुणी तिला ओळखत नसताना. दीड वर्षापूर्वी या सगळ्यांच्या जवळच्या एका ड्रमरनं आत्महत्या केली. त्यानंतर या मित्रानं मदतीसाठी एक अल्बम काढायचं ठरवलं. १४ कलाकारांनी एकेक गाणं मोफत दिलं. मुखपृष्ठावर लिहिलं होतं, 'सर्व मिळकत मानसिक आरोग्यासाठी'. खाली एका संस्थेचं नाव होतं. लोकांनी मनापासून विकत घेतला. विनाइलच्या, म्हणजे तबकडीच्या, प्रतीही संपल्या.

आठ महिने झाले तरी संस्थेला किती पैसे गेले, ते कुणालाच कळलं नाही. तिनं कलाकारांच्या ग्रुपवर एकदा साधेपणानं विचारलं. रात्री दीड वाजता ग्रुपवरच त्याचा व्हॉइस मेसेज आला. तो तिनं मला ऐकवला. "तुम्हाला पैशाचं पडलंय. माझी काय अवस्था आहे ते विचारलंत कधी? गोळ्या चालू आहेत माझ्या. कधी कधी वाटतं, सगळं संपवून टाकावं."

सकाळी ग्रुपवर बाकीचे तिच्यावर तुटून पडले. मानसिक आरोग्याच्या नावानं अल्बम काढायचा आणि ज्यानं काढला त्यालाच छळायचं, असा एकूण सूर. तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. भागीदाराकडून पैसे येणं आहे पण तो नैराश्यात आहे. भावानं घराची कागदपत्रं लपवलीत पण त्याला काही बोललं की तो जीव द्यायची भाषा करतो. माणूस बदलतो, पेच तोच राहतो: समोरचा आजारी आहे, मग मी जाब विचारला तर मी क्रूर ठरते का?

मी तिला विचारलं, "हा मेसेज आल्यावर त्याला फोन कुणी केला?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "कुणीच नाही. मी घाबरले होते. बाकीच्यांना वाटलं, त्याला थोडी स्पेस द्यावी."

म्हणजे १४ जणांनी एका माणसाच्या तोंडून 'संपवून टाकावं' हे ऐकलं होतं. त्या वाक्याचा उपयोग तिला गप्प करायला झाला. पण ते वाक्य जिवाबद्दल होतं, म्हणून त्याच्या दारापर्यंत कुणीही गेलं नव्हतं. मला त्या दिवशी सर्वांत जास्त काळजी याची वाटली, आणि मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. एका मेसेजमध्ये त्यानं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. 'मला जगणं जड झालंय' ही एक, आणि 'मला हिशेब विचारू नका' ही दुसरी. पहिलीला आजच्या आज उत्तर द्यायला हवं होतं. दुसरीला सावकाश दिलं तरी चालणार होतं. ग्रुपनं दोन्ही एकत्र गुंडाळून एकाचंही उत्तर दिलं नव्हतं.

"पण तो खरंच बोलत असेल की मला गप्प करायला?" तिनं विचारलं.

"ते आपण इथे बसून ठरवायचं नाही. तो माझ्यासमोर नाही, त्याच्याबद्दल निदान करणं मला शोभणार नाही. आणि तुला ते ठरवायची गरजही नाही. असं वाक्य कानावर आलं की ते खरं धरूनच पुढचं पाऊल टाकायचं."

मग आम्ही सरळ प्रश्नाचा सराव केला. "तू आत्महत्येचा विचार करतोयस का?" हे वाक्य तोंडून काढायला तिला चार वेळा प्रयत्न करावा लागला. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरतात ही समजूत चुकीची आहे, हे अभ्यासांतून पुन:पुन्हा दिसलंय. उलट कुणीतरी नाव घेऊन विचारलं की अनेकांना हलकं वाटतं. हो म्हणाला तर पुढे काय विचारायचं (कसं, कधी, साधन जवळ आहे का), त्याला एकटं का सोडायचं नाही, कुणाला बोलवायचं, तातडीची मदत केव्हा मागायची, हे सगळं मी तिला एका कागदावर लिहून दिलं. आणि एक ताकीद दिली: त्या भेटीत हिशेबाचा 'ह'सुद्धा काढायचा नाही. तसंच 'जाऊ दे, हिशेब राहू दे' असंही म्हणायचं नाही. जिवाची काळजी ही सौद्यातली वस्तू झाली, की पुढच्या वेळी कुणालाच तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

त्याच संध्याकाळी ती एका मित्राला घेऊन त्याच्या घरी गेली. तो रडला. विचार येतात म्हणाला, पण कसं आणि कधी असं काही ठरवलेलं नव्हतं. त्यांच्यासमोरच त्यानं थोरल्या बहिणीला फोन लावला, ती रात्री येऊन राहिली. डॉक्टरांची पंधरा दिवसांवरची वेळ दुसऱ्या दिवसावर आणली.

पुढच्या भेटीत ती अर्धी मोकळी होती आणि अर्धी आधीपेक्षा जास्त अडकलेली. "आता तर मी विचारूच शकत नाही. त्याला असं बघितल्यावर कुठल्या तोंडानं विचारू?"

इथे आम्हाला तीन भेटी लागल्या. आधी तिला स्वतःचाच राग कळायला हवा होता. तिनं गाणं फुकट दिलं होतं, ते गेलेल्या मित्रासाठी. ते गाणं तिनं त्याच्या अंत्यदर्शनाहून परतल्यावर लिहिलेलं होतं. त्याचे पैसे कुठे गेले हे माहीत नसणं, हा तिच्यासाठी शोकाचाच भाग होता. हे ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली तेव्हा पंधरा-वीस मिनिटं आम्ही दुसरं काहीच केलं नाही.

स्वतंत्र संगीताच्या जगात हा गुंता जास्त पडतो, कारण तिथे एकच माणूस अनेक भूमिकांत असतो. ज्याच्यासोबत रात्री कार्यक्रमाचं सामान उचललं तोच लेबलचा मालक, तोच आयोजक, तोच मित्र. तक्रार ऐकायला वेगळी खिडकी नाही, आजारपणाची रजा नाही, महिन्याचा ठरलेला पगार नाही. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या 'हेल्प म्युझिशियन्स यूके' या संस्थेसाठी वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी संगीतक्षेत्रातल्या २,२११ जणांची पाहणी केली. त्यात ७१ टक्क्यांनी तीव्र चिंतेचा किंवा पॅनिक अटॅकचा आणि ६८ टक्क्यांहून अधिक जणांनी नैराश्याचा अनुभव सांगितला. स्वतःहून पुढे आलेल्यांचीच ही पाहणी होती, त्यामुळे 'दहापैकी सात संगीतकार आजारी' असा तिचा अर्थ काढू नये. पण ज्यांनी सांगितलं त्यांचं दुखणं त्यामुळे कमी होत नाही. त्याच संस्थेनं पुढच्या वर्षी 'म्युझिक माइंड्स मॅटर' ही मदतसेवा सुरू केली. अमेरिकेत ग्रॅमी पुरस्कार देणाऱ्या रेकॉर्डिंग अकॅडमीची 'म्युझिकेअर्स' ही संगीतकारांसाठीची मदतसंस्था १९८९ पासून आहे. तिथल्याच ऑस्टिन शहरातली, संगीतकारांना मानसिक आरोग्याची मदत देणारी 'सिम्स फाउंडेशन' १९९५ मध्ये सिम्स एलिसन या वादकाच्या आत्महत्येनंतर उभी राहिली. संगीतकारांनीच एका मित्राच्या मागे उभं केलेलं हे काम आहे.

हे मी तिला सांगितलं, ते एका कारणासाठी. मी विचारलं, "अल्बमचे पैसे कुणाचे?"

"संस्थेचे."

"आणि संस्था ते कुणासाठी वापरणार?"

बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "उद्या फोन करणाऱ्या एखाद्या ड्रमरसाठी."

या प्रकरणात आत्तापर्यंत त्या माणसाचा विचार कुणी केला नव्हता. ग्रुपमध्ये भांडण तिच्यात आणि मित्रात होतं. पण अडकलेला पैसा ज्याच्या उपयोगाचा होता तो तिसराच कुणीतरी होता, आणि त्याचीही मानसिक अवस्था नाजूक होती. हे तिला दिसल्यावर तिच्या आवाजातली अपराधी लकेर कमी झाली. हिशेब मागणं हेही आता तिला काळजी घेण्यातलं वाटू लागलं.

माझ्या अनुभवात अशा गोष्टींत सरळ चोरी कमी असते. जास्त वेळा गोंधळ असतो, मग त्या गोंधळाची लाज, आणि मग ती लाज लपवायला राग. 'सर्व मिळकत' म्हणजे नक्की काय, हेच कुणी आधी ठरवत नाही. बॅन्डकॅम्पसारखं गाणी विकायचं संकेतस्थळ डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के घेतं, वर पैसे वळते करण्याचं शुल्क. विनाइल छापायचा खर्च कुणी करायचा? टपालखर्च? आणि सगळे पैसे एकाच माणसाच्या खासगी खात्यात येतात, त्याच खात्यातून त्याचं घरभाडं जातं. मोठ्यांचंही असं अडलंय. १ ऑगस्ट १९७१ ला 'बीटल्स'मधला जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी न्यूयॉर्कला बांगलादेशी निर्वासितांसाठी मैफली केल्या. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. पण करसवलतीची व्यवस्था आधी केलेली नव्हती, म्हणून अल्बम आणि चित्रपटाचे पैसे कित्येक वर्षं कर खात्याच्या कचाट्यात अडकले. हेतूबद्दल कुणालाही शंका नव्हती, तरीही कागद आधी करायला हवे होते.

हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मी त्याला चोर न म्हणताही विचारू शकते."

तिनं आधी संस्थेच्या निधी विभागाला एक ओळीचं पत्र लिहिलं: आमच्या अल्बमवर तुमचं नाव आहे, तुम्हाला याची कल्पना आहे का? नम्र उत्तर आलं की अशी नोंद त्यांच्याकडे नाही. इंग्लंडसारख्या ठिकाणी तर एखाद्या व्यवसायानं संस्थेच्या नावावर वस्तू विकायची तर लेखी करार आणि किती रक्कम जाणार हे सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे. तसा कायदा लागू नसला, तरी निदान संस्थेला आधी विचारायचं असतं. चौदा शहाण्या माणसांना हे सुचलं नाही, कारण सगळे दुःखात होते. त्यांना मी दोष देत नाही.

मग मित्राला लिहायचा मेसेज. पहिला मसुदा दीड पानांचा, माफीनं भरलेला. दुसरा टोचरा. शेवटी गेला तो असा:

"तुझी तब्येत आधी. ताई आहेत, डॉक्टर आहेत, मीही आहे, आणि यातलं काहीही हिशेबावर अवलंबून नाही. अल्बमचे पैसे संस्थेपर्यंत जायला हवेत. हे काम तू एकट्यानं करू नकोस. विक्रीची यादी आणि खात्याचा उतारा तू ज्याच्यावर विश्वास ठेवशील त्याच्या हाती दे, तो आकडे लावेल. महिनाअखेरपर्यंत नाव कळव."

'काम दुसऱ्याच्या हाती दे' हे वाक्य मी सुचवलेलं नव्हतं. ते तिला सुचलं, आणि मला वाटतं गाडी तिथेच पुढे सरकली. आजारी माणसाला कामातून सूट देता येते. पण काम तर कुणाला तरी करावंच लागतं.

मेसेज पाठवताना ती माझ्यासमोरच होती. बोट थरथरत होतं. "आता काही झालं तर?" तिनं पुन्हा विचारलं. मी खोटा दिलासा दिला नाही. म्हटलं, "दुसऱ्याच्या जिवाची हमी कुणालाच देता येत नाही. तू विचारपूस केलीस, एकटं सोडलं नाहीस, मदत जोडून दिलीस, आणि आज प्रेमानं खरं बोललीस. यापलीकडचं तुझ्या हातात नाही." ते तिला आवडलं नाही. पुढच्या भेटीत तिनं तसं सांगितलं, आणि बरं झालं सांगितलं.

चार दिवसांनी त्यानं बहिणीचं नाव कळवलं. आकडे लागले. जवळजवळ अर्धी रक्कम विनाइल छापण्यात गेली होती. काही त्याच्या भाड्यात आणि औषधांत गेली होती, आणि तो आकडा कुणाला सांगायच्या भीतीनंच त्याच्या रात्री जात होत्या. उरलेली रक्कम बहिणीनं त्याच आठवड्यात संस्थेकडे पाठवली. खर्च झालेली तो हप्त्यांनी देतोय. ग्रुपवर हिशेबाचा कागद त्यानं स्वतः टाकला, खाली लिहिलं, "उशीर झाला. चूक माझी." काहींनी त्याला हृदयं पाठवली. दोघांनी लेबल सोडलं. ज्यांनी तिला बोल लावले होते त्यांपैकी एकानंही तिची माफी मागितली नाही, आणि हा भाग ती अजून माझ्याकडे घेऊन येते.

त्याची-तिची मैत्री पूर्वीसारखी नाही. परवा ती आली तेव्हा संस्थेची पावती फोनवर दाखवली. मग त्याखालचा मित्राचा नवा मेसेज दाखवला, दोन महिन्यांतला पहिला: "तुझा माइक स्टँड माझ्याकडे राहिलाय. आणून देऊ का?"

"काय उत्तर दिलंस?"

"अजून काही नाही. विचार करतेय, घरी ये म्हणू की बाहेर भेटू."

त्यावर आम्ही उरलेला तास बोललो.