यान जवळ जाणारच आहे, तर लहान लघुग्रहांकडे इथून दुर्बिणीतून बघून काय मिळतं?

शंका रास्त आहे. कितीही मोठी दुर्बीण लावा, दहा-वीस मीटरचा लघुग्रह नुसता ठिपकाच दिसतो. पण त्या ठिपक्याचा उजेड कमी-जास्त होत असतो आणि सगळी गंमत त्यातच आहे.

हायाबुसा-2 चं घ्या. या जपानी यानाने र्‍युगू या लघुग्रहावरचे नमुने 2020 च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात उतरवले. इंधन उरलं होतं, म्हणून जाक्साने (जपानची अवकाश संस्था) त्याला पुढची कामगिरी दिली: 2031 मध्ये 1998 केवाय 26 गाठायचा. हा लघुग्रह सुमारे 30 मीटरचा असावा आणि 10.7 मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेत असावा, असा अंदाज 1998 च्या निरीक्षणांवरून बांधला होता. 2024 मध्ये तो पृथ्वीजवळून गेला, तेव्हा चिलीतल्या व्हीएलटी या महाकाय दुर्बिणीसह बऱ्याच मोठ्या दुर्बिणी त्याच्यामागे लागल्या. निघालं काय, तर गिरकी 5.35 मिनिटांची आणि व्यास जेमतेम 11 मीटर!

एवढा फरक कसा पडला? लांबट दगड फिरताना एका गिरकीत साधारण दोनदा उजळतो, दोनदा मंदावतो. उजेडाच्या आलेखातले किती चढउतार मिळून एक गिरकी धरायची, हे चुकलं की काळ थेट दुप्पट किंवा निम्मा होतो. मी हौसेने मोठ्या लघुग्रहांचे असे आलेख, म्हणजे प्रकाशवक्र, काढतो. तिथेही डोकं सगळ्यात जास्त इथेच खर्ची पडतं. त्यातून एक्सपोजर (एका फोटोसाठी प्रकाश गोळा करायचा वेळ) लांबवलं तर चढउतारच पुसले जातात, आखूड ठेवलं तर प्रकाश पुरत नाही. एवढ्याशा दगडासाठी 8 मीटरचा आरसा लागतो तो म्हणूनच.

व्यासही या काळावरच अवलंबून. रडारच्या परतलेल्या लहरींची वारंवारता किती पसरते, हे वस्तूचा आकार आणि फिरण्याचा वेग या दोन्हींवर ठरतं. वेग जास्त निघाला, की जुन्याच रडार नोंदींतून व्यास कमी येतो.

यानाच्या दृष्टीने ही उलथापालथ केवढी, बघा. हायाबुसा-2 चे सौरपंख टोकापासून टोकापर्यंत 6 मीटर, म्हणजे लघुग्रहाच्या निम्म्याहून जास्त. मी ढोबळ हिशेब करून पाहिला: एवढ्या वेगात विषुववृत्तावर बाहेर फेकणारा जोर तिथल्या गुरुत्वाच्या शेकडो पट होतो. तिथे सुटा खडा टिकणं मुश्कील, मग टेकलेलं यान कशाच्या आधारावर थांबणार? हे आत्ताच कळल्यामुळे जवळ कसं जायचं याचा विचार करायला हाताशी वर्षं आहेत.

अर्थात, दुर्बिणीचंही सगळंच खरं ठरतं असं नाही. बेन्नू या लघुग्रहाचा आकार रडारवरून बरोबर निघाला होता, पण उष्णतेच्या मोजमापांवरून पृष्ठभाग बारीक खडीचा वाटला होता. 2018 मध्ये नासाचं ओसायरिस-रेक्स यान तिथे पोचलं तर जिकडेतिकडे धोंडे. उतरायला सुमारे 50 मीटर रुंद मोकळी जागा मिळेल असं धरलं होतं, मिळाली साधारण 16 मीटरची. मग खुणेचे धोंडे कॅमेऱ्यात ओळखत यानाने स्वतःच वाट काढायची, अशी पद्धत वापरावी लागली.