दुसऱ्या बाळाचं ठरवण्याआधी

बाळा,

तुझा मेसेज वाचला. आई म्हणतात, "लवकर दुसरं होऊ द्या, म्हणजे हे दुःख विसराल." आणि तू म्हणतोस, "आता मूलच नको, जाऊन ऑपरेशन करून टाकतो." मला दोन्हींचा सारखाच राग येतो. उत्तरं दोघांची तयार आहेत, पण लेकराला नेमकं काय झालंय ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. "पाठीवर गाठ होती, संभाजीनगरला काढली" एवढ्यावर पुढच्या खेपेचं कुणी सांगू शकत नाही. आधी निदान, मग निर्णय.

म्हणून पहिलं काम फाईलचं. डिस्चार्ज कार्डावर 'मायलोमेनिंगोसील' लिहिलंय की 'लायपोमा', ते बघ. उघडी राहिलेली पाठ आणि कातडीखालची चरबीची गाठ, दोन्हींना घरचे 'गाठ'च म्हणतात, पण पुढच्या बाळाचा हिशेब वेगळा लागतो. एमआरआयच्या रिपोर्टसोबत सीडीही घे. किडनीची सोनोग्राफी आणि हृदयाची टूडी इको झाली नसेल तर करून घे. हातापायाची बोटं मोज, हसू नकोस. डोक्यामागे गाठ, किडनीत पाण्याच्या गाठी आणि सहा बोटं एकत्र आली तर तो मेकेल-ग्रुबर नावाचा वेगळाच आजार असतो, आणि त्यात प्रत्येक खेपेला धोका 4 पैकी 1 असतो. नुसत्या उघड्या पाठीच्या दोषात तो 100 पैकी 3 ते 5. कुठे 25 आणि कुठे 3! हा फरक कळायच्या आत तू ऑपरेशनची तारीख घ्यायला निघालास.

तू मामाची मुलगी केलीस, हेही डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांग. आपल्याकडे ही सोयरीक इतकी रोजची आहे की सांगायचं सुचतच नाही, आणि काही जण लाजून लपवतात. तुम्हा दोघांकडे एकाच आजोबांकडून आलेला एखादा दोष असेल तर तो लेकरात जोडीने उतरू शकतो; तो शोधायचा तर नातं माहीत असावं लागतं. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात लेकराची नोंद कर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा दोष आहे, पुढे पाठवायची चिठ्ठी तिथून मागता येते. जनुकांचे तज्ज्ञ गाठायचे तर उदगीरहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ. तिथल्या निजाम इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे निम्समध्ये, त्याचा स्वतंत्र विभाग आहे. बायकोला सोबत ने. तिला घरी ठेवून तिच्या पोटाचा निर्णय घेऊन येणं मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

तिला ग्रहणावरून बोलतात म्हणालास. आईंना एवढंच सांग: पाठीचा कणा गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मिटतो. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने पहिल्या महिन्यातली पाठ उघडत नाही. आणि 'दुसरी कर' असं म्हणणाऱ्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस.

याच 28 दिवसांमुळे औषधाची वेळ चुकते. पाळी दोन आठवडे लांबेपर्यंत पाठ मिटलेली असते किंवा राहिलेली असते. त्यानंतर आशाताईंकडे नाव नोंदवून गोळी सुरू करणं या दोषापुरतं उशिराचं आहे. 1991 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात, आधी असं बाळ झालेल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फोलिक अॅसिड दिलं, तेव्हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे 5 मिलिग्रॅमची गोळी मिळते, अगदी स्वस्त. डॉक्टरांकडून लिहून घे. दिवस राहण्याच्या तीन महिने आधीपासून 12 आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज एक. सरकारी लाल गोळीत फोलिक अॅसिड फक्त 500 मायक्रोग्रॅम असतं आणि लोह 60 मिलिग्रॅम. म्हणून हिशेब जुळवायला दहा लाल गोळ्या द्यायच्या नाहीत, एवढं लोह विषासारखं भिनतं. तुमच्या घरी माळ आहे, म्हणजे मांस-अंडी नाही, तेव्हा तिचं बी-12 आधी तपासा. ते कमी असताना नुसतं फोलिक दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान चालू राहतं. तिला साखर असेल तर ती आधी आटोक्यात आणा. फिटची गोळी चालू असेल, विशेषतः व्हॅल्प्रोएट, तर मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडून बदलून घ्या, आणि तेही दिवस राहायच्या आधी.

पण ही सगळी तयारी उघड्या पाठीसाठी आहे. निदान दुसरं निघालं तर उपायही दुसरा. म्हणून पुन्हा तेच सांगतो: आधी निदान, मग निर्णय.

बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी कमीत कमी दोन वर्षं जाऊ द्या. तोवर निरोध किंवा तांबी. 'अंतरा' हे पाळणा लांबवायचं इंजेक्शन घेतलंत तर बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात, ते धरून चला. कायमचं ऑपरेशन मात्र भीतीच्या भरात नको. निदान कळून दोघांनी ठरवलंत की बास, तर माझा शब्दही आड येणार नाही.

पुढे दिवस राहिले तर 11 ते 13 आठवड्यांत एक सोनोग्राफी, आणि पाठ नीट बघणारी 18 ते 20 आठवड्यांत. पहिल्या बाळाचं निदान सोनोग्राफीच्या डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते कणा मणका-मणका तपासतील. ही तारीख पुढे ढकलू नका. 2021 च्या दुरुस्तीनंतर गंभीर दोषासाठी 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यापुढे प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं. तेव्हा काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा, पण वेळ हातात असताना.

आणि 'मोठ्याला सांभाळायला धाकटं हवं' हे कारण माझ्यापुढे मांडू नकोस. जन्माआधीच कुणाच्या माथी चाकरी मारायची नसते. मूल हवं असेल तर त्याच्यासाठीच हवं.

एक काम आजच कर. लेकराचं डोकं टेपने मोज, भुवयांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून पूर्ण गोल, आणि दर आठवड्याला आकडा वहीत लिही. आकडा भराभर वाढला, टाळू फुगली, उलट्या झाल्या किंवा बुबुळं खाली वळलेली दिसली, तर डोक्यात पाणी साचत असेल; त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडे न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही. फाईल जमली की फोन कर. हैदराबादला काय काय विचारायचं ते दोघांना बसवून लिहून देतो.

तुझा
काका