ज्याला निघून जायचंय, त्याला काय द्यावं

प्रिय लेकरा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हिंगोलीत पुस्तकांचं दुकान काढायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि गाईडं यांच्यावर जागेचं भाडं निघेल, हा तुझा हिशोब बरोबर आहे. पण तुझा खरा प्रश्न पत्राच्या शेवटी आला. अद्भुत कादंबऱ्या, भुताखेतांच्या गोष्टी, दुसऱ्या जगातल्या कथा यांचं एक कपाट तुला ठेवायचंय, आणि तुझे सर म्हणतात की ही पळपुट्यांची पुस्तकं आहेत, ठेवायचं तर गंभीर साहित्य ठेव.

ठेव. आणि ते कपाट मागच्या कोपऱ्यात लावू नकोस, गल्ल्याजवळ लाव. कारण त्या कपाटापाशी येणाऱ्या माणसाशी तुला बोलावं लागेल. बाकीच्या गिऱ्हाइकांच्या हातात यादी असते. याच्याकडे यादी नसते.

माझं दुकान लातुरात, ट्यूशन एरियाच्या तोंडाशी आहे, हे तुला ठाऊक आहे. संध्याकाळी क्लास सुटला की पोरं येतात. नांदेडची, बीडची, धाराशिवची, कुठल्या कुठल्या खेड्यांतली. खोली भाड्याची, डबा मेसचा, भिंतीवर टेस्टचे मार्क. त्यातलं एखादं मागं रेंगाळतं आणि इकडं-तिकडं बघून म्हणतं, "काका, डोकं चालंना झालंय. कायतरी येगळं द्या की." या पोराला पळपुटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते सकाळी सहाला पुन्हा फिजिक्सच्या वर्गात बसणार आहे. टोल्किन नावाचा इंग्रज प्राध्यापक, पहिल्या महायुद्धात सोमच्या खंदकांमध्ये लढून आलेला माणूस, त्यानं 1939 साली परीकथांवर व्याख्यान दिलं होतं. त्याचं म्हणणं असं की, टीकाकार कैद्याची सुटका आणि सैनिकाचं पलायन यांत गल्लत करतात. तुरुंगातल्या माणसानं भिंतींपलीकडच्या गोष्टींचा विचार केला तर त्याला दोष का द्यावा? ज्यानं खंदक पाहिलाय त्याचं हे बोलणं सरांना जरूर सांग.

आणि सरांना पैठणचीही आठवण करून दे. आपल्याच गोदाकाठचं आहे ते. कथासरित्सागरात सांगितलंय की, प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य नावाचा पंडित होता. राजाला संस्कृत शिकायचं होतं. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन, अशी प्रतिज्ञा गुणाढ्य करून बसला, आणि हरला. मग तो विंध्याच्या रानात गेला. तिथं पिशाचांची भाषा शिकला, काणभूती नावाच्या पिशाचाकडून विद्याधरांच्या कथा ऐकल्या आणि सात वर्षं बसून सात लाख श्लोक लिहिले. रानात शाई कुठली? स्वतःच्या रक्तानं लिहिले. ते पुस्तक राजाकडे पाठवलं, तर राजानं भाषा पैशाची आणि लिहिलंय रक्तानं म्हणून परत धाडलं. तेव्हा गुणाढ्यानं अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान वाचायचं, मग कुंडात टाकायचं, असं सुरू केलं. ऐकायला रानातली जनावरं आणि पाखरं जमली. ती चरायची विसरली. इकडं राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, कोरडं मांस खाल्ल्यानं. शिकाऱ्यांना विचारलं तर कळलं की, रानात कुणी तरी गोष्ट वाचतोय आणि जनावरं उपाशी राहून ऐकतायत. राजा धावत गेला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरला एक लाख. तोही मूळ रूपात आज आपल्या हाती नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ती कथा संस्कृतात आणली, तोच हा कथासरित्सागर, आणि वेताळपंचविशी त्याच्याच पोटात आहे.

आकाशातून फिरणारे विद्याधर, शाप, रूपं बदलणारी माणसं, हे सगळं पैठणच्या दरबारातून निघालेलं आहे. आपल्या भागाला अद्भुताची सवय लावावी लागत नाही. श्रावणात नवनाथ भक्तिसार ऐकत वाढलेल्या माणसाला मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात कसा अडकला आणि गोरक्षनाथानं त्याला कसं सोडवून आणलं, हे पाठ असतं. भस्माच्या चिमटीनं काय काय होतं, ते तो लहानपणापासून ऐकत आलाय. त्याला परदेशी जादूगाराची गोष्ट अवघड जाईल, असं धरून चालू नकोस. मात्र ती पोथी या कपाटात ठेवू नकोस. वाचणाऱ्याच्या देवघरातली आहे ती, तिची जागा वेगळी.

मराठी कादंबरीचा उगम गंभीर होता आणि नंतर ती बिघडली, असा सरांचा समज असेल तर तोही खरा नाही. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 सालची, आणि चारच वर्षांनी, 1861 मध्ये, हळब्यांची 'मुक्तामाला' आली ती सगळी अद्भुतरम्य. 1868 मध्ये रिसबूडांनी 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत स्पष्टच लिहिलं की, आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात, आपल्या विवाहाच्या चालींत रंजक असं काही उरलेलं नाही, म्हणून मनोरंजक लिहायचं तर अद्भुताकडं वळावं लागतं. म्हणजे आयुष्य आखडलेलं आहे, हे त्यांना दिसत होतं. ते दिसल्यावर त्यांनी दार उघडलं.

आता कुणाला काय द्यायचं ते सांगतो. त्याआधी एक पक्कं ध्यानात ठेव. 'कुठं जायचंय' हे गिऱ्हाईक सांगतं, 'कशापासून जायचंय' ते सांगत नाही. ते तुला हेरावं लागतं.

क्लासच्या मराठी माध्यमातल्या पोराला मी 'हॅरी पॉटर आणि परीस' देतो. घर सोडून आलेल्या मुलाला घर सोडून निवासी शाळेत गेलेल्या मुलाची गोष्ट. मेसच्या डब्यावर राहणारी पोरं त्या शाळेच्या जेवणाच्या पानांशी थांबतात, मला येऊन सांगतात. सात भाग आहेत आणि चौथ्यापासूनचे जाडजूड आहेत. 'नीट' परीक्षा मे महिन्यात असते. जानेवारीनंतर कुणी सगळा संच मागितला तरी एकेक भागच दे. विक्री कमी होईल, होऊ दे. त्याच्या बापानं सोयाबीन विकून फी भरलेली असते.

टोल्किनचं 'हॉबिट'ही मराठीत आहे. सुरुवातीला तेरा बुटक्यांची नावं आली की वाचणारा कंटाळतो. त्याला सांग, पाचव्या प्रकरणापर्यंत थांब, तिथं अंधाऱ्या भुयारात कोड्यांचा सामना आहे, नायक हरला तर मेलाच. आपल्याकडं कोडी घालत मोठी झालेली माणसं तिथून पुस्तक खाली ठेवत नाहीत.

ज्या घरात 'कादंबऱ्या वाचून वाया जाईल' असा धाक आहे, तिथं नारळीकर. 'यक्षांची देणगी' दे, 'वामन परत न आला' दे. पालक समोर असतील तर त्यांना ही हकिकत सांग: 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ असलेल्या नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, नारायण विनायक जगताप या नावानं गोष्ट पाठवली. नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये म्हणून. आणि पहिलं बक्षीस मिळवलं. हे ऐकल्यावर पाकीट बाहेर निघतं.

भीतीच्या कथा मागणाऱ्यांत दोन तऱ्हा असतात, त्या ओळखायला शिक. एकाला नुसती थरारण्याची हौस असते. 2018 मध्ये 'तुंबाड' सिनेमा आला, त्यामागं नारायण धारपांच्या भयकथेची प्रेरणा होती, तेव्हा त्यांचं नाव पोरांच्या तोंडी आलं. त्यांना धारपांच्या कुठल्याही कादंबरीपाशी नेलं तरी चालतं. दुसरा मात्र आतून खरोखर घाबरलेला असतो. घरात आजारपण असतं, नोकरीचा घोर असतो. त्याला धारपांच्या 'समर्थ' नावाच्या नायकाच्या कथा दे. या कथांमध्ये अमंगळ कितीही माजलं तरी त्याच्यापुढं उभं राहणारं कुणी तरी आहे, आणि ते माणूस शांत आहे. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय, त्या घरच्या माणसाला यातलं काहीही देऊ नकोस, मागितलं तरी. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा प्रवासाला जाणाऱ्यांसाठी. एका बैठकीत एक गोष्ट संपते, एसटी उतरेपर्यंत दोन होतात.

खरीप पाण्यात गेलेला माणूसही दुकानात येतो. पोराची वही घ्यायला येतो आणि स्वतःसाठी काही तरी बघत उभा राहतो. त्याच्या हातात शेतकऱ्याच्या दैन्यावरची कादंबरी देऊ नकोस, ती कितीही थोर असू दे. कुजलेलं सोयाबीन त्यानं पाहिलंय. असल्या वाचकासाठी मी नाथमाधवांचं 'वीरधवल' जपून ठेवतो. 1913 सालची कादंबरी, भाषा जुनी, वाक्यं लांब, पण हरिविजय-पांडवप्रताप ऐकलेल्या कानांना ती अडत नाही. नाथमाधव शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडले, कमरेखालचं अंग लुळं झालं, आणि पुढचं लेखन त्यांनी तशा अवस्थेत केलं. ज्याचे पाय लुळे पडले होते त्यानं ते घोडे, तळघरं, तलवारी लिहिल्या. हे मी प्रत्येक वेळी सांगतो, कारण त्या पुस्तकातला वेग कुठून आलाय, ते त्यानं कळतं.

गौरी देशपांड्यांनी केलेले अरेबियन नाइट्सचे सोळा खंड एखाद्या वाचनालयाला विकले जातील. ते बर्टनच्या पूर्ण आवृत्तीवरून केलेले आहेत, म्हणजे मोठ्यांसाठीच. 'मुलांच्या गोष्टी' म्हणून कुणी शाळेसाठी मागितले तर थांबव आणि त्यांना भा. रा. भागवतांकडे ने. त्यांचा फास्टर फेणे आजही दहा वर्षांच्या पोराला सायकलवर बसवून घेऊन जातो.

जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'तल्या दोन दीर्घकथाही दूरच्या, अनामिक प्रदेशात घडतात. मला त्या फार प्रिय आहेत. तरी सुटका मागणाऱ्याला त्या पहिल्यांदा देऊ नकोस. त्या जगात गेल्यावर माणूस नियतीपुढं जास्तच उघडा पडतो. वाचक दोन-तीन वर्षं येत राहिला, त्याचा आवाज तुला ओळखू यायला लागला, की मग दे.

तुझ्याकडं नवी पुस्तकं घेऊन प्रकाशकांचे प्रतिनिधी येतील, कमिशन वाढवून देतील. अद्भुत कादंबरी घेण्याआधी मधलं एखादं प्रकरण वाच. जादूला काही मोल मोजावं लागतंय का, ते बघ. नायक अडकला की लेखक नवा मंत्र काढतो, असं दिसलं तर ते पुस्तक घेऊ नकोस. जिथं काहीही होऊ शकतं तिथं कशाचीच काळजी वाटत नाही, आणि काळजी वाटली नाही तर माणूस त्या जगात शिरतच नाही, आपल्याच खोलीत बसून राहतो. भाषांतर असेल तर एक पान मोठ्यानं वाच. जीभ अडखळली तर परत पाठव. निकृष्ट भाषांतर वाचून पोरं म्हणतात, आम्हाला वाचन जमत नाही, आणि ती पुन्हा येत नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिल्या वर्षी माल 'विक्री किंवा परत' या बोलीवरच घे. जिल्ह्यातली शासनमान्य वाचनालयं अ, ब, क, ड वर्गांतली आहेत, त्यांच्या ग्रंथपालांना भेट. ड वर्गाचं गावातलं वाचनालय छोटं असतं, पण तिथले वाचक हेच कपाट आधी संपवतात. उधारी फक्त विद्यार्थ्यांना.

सरांशी भांडू नकोस. त्यांनाही कथासरित्सागर वाचायला दे, गुणाढ्याच्या पानाशी खूण घालून.

संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनानं धारपांची पुस्तकं पुन्हा छापली आहेत, त्यांचा एक गठ्ठा शनिवारी माझ्याकडं येतोय. समर्थकथांच्या किती प्रती हव्यात, ते गुरुवारपर्यंत कळव. हिंगोलीच्या गाडीनं पार्सल करून देईन.

तुझा
काका