रामकुंडाजवळ गाडी लावली, चावी डिकीत राहिली आणि दारंही लॉक झाली. डिकी कशी उघडू?

डिकीशी झटापट करू नका, आधी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायचं बघा. आत जाता आलं की डिकी बहुतेक वेळा आतूनच उघडते. मी सातपूरला गॅरेजमध्ये काम करतो, म्हणून सांगतो. बऱ्याच सेडानमध्ये ड्रायव्हरच्या सीटच्या बाजूला खाली डिकीचा खटका असतो, काहींत डॅशबोर्डवर बटण. ते चाललं नाही तर मागच्या सीटची पाठ पाडून हात घाला (ही सोय प्रत्येक गाडीत नसते). हॅचबॅक असेल तर मागचा पार्सल ट्रे उचलला की चावी हाताला लागते.

दारासाठी सगळ्यात उत्तम म्हणजे घरची दुसरी चावी, मग ती सिडकोहून कुणाला रिक्षाने आणायला लावावी लागली तरी चालेल. नाहीतर विम्यात रोडसाइड असिस्टन्स (गाडी रस्त्यात अडली की मिळणारी मदत) घेतलंय का ते पाहा, किंवा चावीवाल्याला बोलवा. तो दाराच्या फटीत हवेची पिशवी फुगवून सळईने आतलं लॉक ओढतो. मोबाइलमध्ये डिजिलॉकरवर आरसी तयार ठेवा. गाडी कुणाची हे न विचारणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. काचेच्या रबरातून पट्टी मात्र स्वतः खुपसू नका, नव्या गाड्यांच्या दारात वायरिंग असतं आणि काही मॉडेलमध्ये एअरबॅगचा सेन्सरही.

गाडीत लहान मूल अडकलं असेल तर यातलं काहीही करत बसू नका: 112 लावा आणि मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच लगेच फोडा.