रात्रीचा स्वयंपाक करतानाच मुलांचे उद्याचे डबे कसे करून ठेवावेत?

सकाळी दोन डबे भरायला जेमतेम दहा मिनिटं मिळतात, ते काम आदल्या रात्रीच्या स्वयंपाकात उरकता येईल का आणि रात्री केलेलं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगलं राहील का, असं तुम्ही विचारलंय. दोन्हीचं उत्तर हो. फक्त एक सवय मोडावी लागेल: जेवणं आटोपल्यावर पातेल्यात काय उरलंय ते बघून डबा ठरवायची. डब्याचा वाटा ताटं वाढायच्या आधी, बऱ्याचदा तर पदार्थ पुरता व्हायच्याही आधी, बाजूला निघाला पाहिजे.

कारण साधं आहे. जेवणं होईपर्यंत पातेलं तास-दीड तास कोमट राहतं, त्यात चमचे-डाव फिरत राहतात आणि जंतूंना वाढायला हेच हवं असतं. शिवाय ताटात गरम गरम छान लागणारी भाजी पंधरा तासांनी डब्यात तशी राहत नाही. ती मऊ पडते, पाणी सोडते, रंग उतरतो.

म्हणून प्रत्येक पदार्थात डब्यासाठी थांबायची एक जागा असते, ती हेरायची. भाजीत सुरीचं टोक सहज शिरतंय पण मधोमध किंचित अडतंय, अशा वेळी मुलांच्या वाट्याची भाजी काढून घ्या. उरलेली कसर सकाळच्या गरम करण्यात भरून निघते. रस्सा करणार असाल तर पाणी घालायच्या आधी काढा. तिखट वाढवणार असाल तर त्याच्याही आधी. फरसबी, मटार, ब्रोकोली अशा हिरव्या भाज्यांवर रात्री लिंबू पिळू नका. आंबटामुळे हिरवा रंग काही तासांत मळकट होतो आणि मूल झाकण उघडताच नाक मुरडतं. लिंबू सकाळी पिळा, आणि थंड खायचा डबा असेल तर थोडं सढळ हाताने, कारण थंड पदार्थाची चव जिभेला मंद लागते.

भातावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी कितीही उकळलं तरी हे विष जात नाही. म्हणजे ‘सकाळी चांगला वाफवला होता’ ही खात्री इथे कामाची नाही, खरी काळजी रात्रीच घ्यावी लागते. भात शिजला की डब्याचा भाग लगेच मोठ्या ताटात काढा, काट्याने हलकेच मोकळा करा आणि दोन सेंटीमीटरहून जाड थर राहणार नाही असा पसरा. पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटांत वाफ जाते. मग झाकणाच्या डब्यात भरून तासाभराच्या आत फ्रिजमध्ये. हा भात दुसऱ्याच दिवशी संपवायचा, तिसऱ्या दिवसावर ढकलायचा नाही. आणि गरम करायचा तो एकदाच.

फ्रिजमधला भात कडक होतो, कारण थंडीत त्यातलं पिष्ट पुन्हा घट्ट बांधलं जातं. सकाळी वाटीभर भातावर चमचाभर पाणी शिंपडून, झाकण ठेवून, मंद आचेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये मधल्या भागातूनही वाफ निघेपर्यंत गरम केला की पुन्हा मऊ होतो. कडेला वाफ आणि मध्ये गार असेल तर तो झालेला नाही. ढवळा आणि आणखी थोडा वेळ द्या. थंड भात डब्यात देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं तो निम्मा टाकतात. थंडच द्यायचं असेल तर पास्ता बरा. शिजल्यावर गार पाण्याखाली धरून पूर्ण निथळायचा आणि वाटीमागे एक छोटा चमचा तेल चोळायचं, म्हणजे गोळा होत नाही.

फ्रिजबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय, की अन्न पूर्ण गार झाल्याशिवाय आत ठेवायचं नाही. मोठं उकळतं पातेलं आत ठेवलं तर आजूबाजूचं सगळं तापतं, हे खरं. पण उथळ डब्यात पाच सेंटीमीटरपेक्षा कमी थर असेल आणि सणसणीत वाफ ओसरली असेल, तर थेट ठेवा. झाकण मात्र आधी तिरपं ठेवायचं आणि आतलं गार झाल्यावर पक्कं लावायचं. गरम असतानाच दाबून लावलं की आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरतात, ते भाजीवर गळतात आणि सकाळी तळाशी पाणी साचलेलं दिसतं. फ्रिजचं तापमान पाच अंशांच्या खाली आहे ना, तेही एकदा बघून घ्या.

आता वेळेचं. वेगळा अर्धा तास काढायचा नाही. काहीतरी शिजत असताना हात रिकामे असतात, तेवढ्यात काम होतं. बटाटे उकडायला टाकलेत ना, शेवटच्या दहा-अकरा मिनिटांत त्याच उकळत्या पाण्यात धुतलेली अंडी अलगद सोडा. बाहेर काढली की लगेच बर्फाच्या पाण्यात. उशीर झाला की पिवळ्याभोवती हिरवट कडा धरते. खायला हरकत नसते, पण मुलांना ती आवडत नाही. सोलू नका, सालासकट फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात. कांदा-टोमॅटो चिरायला घ्याल तेव्हा डब्याचं गाजर आणि काकडी सगळ्यात आधी, स्वच्छ पाटावर चिरून ठेवा. कच्चं चिकन किंवा मासे सगळ्यात शेवटी, कारण त्या पाटावरचं पाणी कच्च्या काकडीला लागलं तर पुढे शिजवून ते मारायची संधी नसते.

पाच ते आठ वर्षांच्या दोन मुलांसाठी रात्रीच्या मापात अर्धी वाटी तांदूळ जास्त धरा. त्याचा दीड वाटी भात होतो, म्हणजे प्रत्येकी पाऊण वाटी. सोबत अर्धी वाटी भाजी आणि एक अंडं किंवा अर्धी वाटी शिजलेलं कडधान्य. कडधान्य नेहमी दुप्पट शिजवा आणि अर्ध्या-अर्ध्या वाटीच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका. आदल्या रात्री एक पुडी खाली फ्रिजमध्ये उतरवली की सकाळी तयार.

डबा गरम जाणार की थंड, हे रात्रीच ठरवा. मधलं काही चालत नाही. पाच ते साठ अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात आणि साध्या डब्यातलं कोमट अन्न चार-पाच तास नेमकं तिथेच असतं. गरम द्यायचं असेल तर तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी ओतून झाकण लावून दहा मिनिटं ठेवा. तेवढ्यात अन्न कडकडीत गरम करा, पाणी ओतून टाका आणि अन्न काठोकाठ भरा. थर्मास अर्धा रिकामा राहिला की लवकर निवतो, म्हणून लहान मुलासाठी लहानच घ्या. थंड द्यायचं असेल तर डबा फ्रिजमधून थेट पिशवीत, वर आणि खाली एकेक बर्फाचा पॅक. पॅक नसेल तर रात्री फ्रीझरमध्ये ठेवलेली पाण्याची छोटी बाटली चालते, जेवायच्या वेळेला पाणीही होतं. गोठताना पाणी फुगतं म्हणून बाटली वरून थोडी रिकामी ठेवा. यातलं काहीच जमणार नसेल त्या दिवशी कोरडं द्या: ब्रेडला लोणी, अख्खं फळ, फुटाणे. ब्रेडवर लोण्याचा थर काठापर्यंत लावला तर आतला ओलावा पावात झिरपत नाही.

मीठ लावलेली काकडी आणि टोमॅटो हमखास पाणी सोडतात, म्हणून मीठ वेगळ्या पुडीत. सफरचंद कापल्यावर वाटीभर पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ घालून पाच-दहा मिनिटं बुडवा आणि साध्या पाण्याने धुवा, दुपारपर्यंत काळं पडत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना द्राक्षं उभी चार भाग करूनच द्या. शेंगदाणे, फुटाणे, बदामही त्यांना अख्खे देऊ नका. यात हयगय नको, गोल आणि टणक गोष्ट घशात अडकते.

डबा घरी भरायच्या आधी मुलाला एकदा झाकण उघडायला लावा. पुष्कळ डबे परत येतात ते न आवडल्यामुळे नाही, झाकण उघडत नाही म्हणून किंवा खायला वेळ पुरत नाही म्हणून. पंधरा मिनिटांत संपेल एवढंच भरा, तुकडे एका घासाचे करा. आणि परत आलेल्या डब्याच्या झाकणातली रबराची रिंग रोज काढून घासा, रात्रभर उघडी वाळवा. ‘डब्याला वास येतो’ म्हणून मूल जेवत नसेल, तर तो वास बहुतेक वेळा त्या रिंगखालीच सापडतो.