तेरडा घरी येईपर्यंत मान का टाकतो?

प्रश्न : यंदा गौरीपुढे विकतची फुलं नको असं ठरवून लेकीला घेऊन टेकडीवर गेले. तेरडा, कुरडू आणि नारिंगी सोनकी पिशवीभर खुडून आणली. घरी येऊन फुलदाणीत लावली, तर तासाभरात कुरडू सोडून सगळ्यांनी माना टाकल्या. पाण्यात साखर घालून पाहिली, उपयोग शून्य. रानफुलं टिकतच नाहीत का? आणि अशी तोडलेली चालतात का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी त्या सोनकीचं बघू, कारण ती सोनकी नव्हतीच. सोनकी हळदीसारखी पिवळीधमक असते, फूल लहान, पान कडेला दातेरी. नारिंगी फूल, पाकळीचं टोक कातरल्यासारखं आणि पान झेंडूगत चिरलेलं असेल, तर तो कॉसमॉस. मूळचा मेक्सिकोकडचा, शोभेसाठी बागेत आला आणि बागेतून निसटून पुण्याच्या टेकड्यांवर पसरला. तो माजला की खालचं इथलं गवत, इथली फुलं दबतात. म्हणून तो हवा तेवढा तोडा, पुढच्या वर्षीही तोडा. फक्त बी धरायच्या आत तोडा आणि सुकलेली बोंडं परत टेकडीवर किंवा खतात टाकू नका.

आता तेरडा. मी संगमेश्वरकडची. आमच्याकडे गौर तेरड्याचीच. आजी उन्हं यायच्या आत बांधावर जायची, पण तिने गौरीसाठी तेरडा कधी खुडला नाही. ओल्या मातीतून अख्खं रोप अलगद उपटायची, मुळं ओढ्यात खळबळून धुवायची आणि जुडी बांधून सुपात घ्यायची. मुळं म्हणजे गौरीची पावलं, ती तोडायची नाहीत, एवढंच आम्हाला सांगितलेलं. पुढे स्वतःची रोपवाटिका काढली तेव्हा त्यातली खुबी कळली. तेरड्याचं देठ उजेडात धरून बघा, आरपार दिसतं. नुसती पाण्याने भरलेली नळी. खुडलं की त्या नळीत हवा शिरते आणि पाणी वर चढेनासं होतं. मूळ असलं की रोप पितच राहतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तो मुळासकट आणलेल्या तेरड्याचा. खुडलेल्याचे तीन तासही धरू नका.

तेव्हा तेरडा मुळासकटच आणा, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून. तांब्यात पाणी घालून जुडी उभी ठेवलीत की विसर्जनापर्यंत बघायला नको. पण दाट ताटव्यातूनच घ्या, एक इथलं, एक तिथलं, आणि बोंडं धरलेली रोपं सोडा. ती बोंडं लेकीला बोटाने दाबू दे. फट्‌कन फुटून बी उडतं, पुढच्या वर्षीची बेगमी तिथल्या तिथे होते.

बाकी फुलांसाठी पिशवी नेऊच नका. पिशवीत फुलं घामेजतात आणि एकमेकांच्या भाराने चेंबतात. मी दुधाची जुनी किटली नेते, अर्धी पाण्याने भरून. काप दिला की देठ लगेच किटलीत. घरी आल्यावर बादलीत, पाण्याच्या आत देठ धरून बोटभर पुन्हा तिरकं कापायचं. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, नाहीतर ती कुजून पाण्याला वास मारतो. मग दोन-तीन तास न्हाणीघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गळ्यापर्यंत पाण्यात, आणि नंतर सजावट. साखर राहू द्या, नुसती साखर पाणी नासवते. त्यापेक्षा पाणी रोज बदला. देठं उभी धरायला तो हिरवा स्पंजही आणू नका. तो प्लॅस्टिकचाच, मातीत मुरत नाही. वायरच्या जाळीचा तुकडा चुरगाळून तांब्यात कोंबला की झालं.

चालतं का, म्हणाल तर जागा बघून. अभयारण्यात १९७२च्या वन्यजीव कायद्याने पानालाही हात लावायचा नाही. कासच्या पठारावर तर नाहीच नाही. पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. शेताचा बांध असेल तर मालकाला विचारावं. आमच्याकडे तरी तेरड्याला कोणी नाही म्हणत नाही, उलट चहा मिळतो. आणि सगळ्या टेकडीवर एखादंच दिसतंय असं फूल, ते कितीही देखणं असो, बघून पुढे जायचं.

एक ताकीद. गाजरगवत दुरून थेट फुलवाल्याकडच्या जिप्सीसारखं दिसतं, म्हणून एकदा भाचीच्या डोहाळजेवणाच्या सजावटीत मी ते हातभर भरलं. फोटो झकास आले. दुसऱ्या दिवशी माझी दोन्ही मनगटं लालभडक आणि खाज अशी, की पुरणपोळी दुसऱ्याच्या हातून खावी लागली.

प्रश्न : आमच्या कुंपणावर कळलावी फुलली आहे. फुलदाणीत ठेवावी का? घरात तीन वर्षांचा नातू आहे.
– एक आजोबा, चिपळूण

उत्तर : फुलदाणीत ती आठवडाभरही टिकते, हिरवट पिवळी पाकळी डोळ्यांदेखत लाल होत जाते. पण वेल नखशिखांत विषारी. कंद सर्वांत घातक, आणि दिसतो रताळ्यासारखा. नातू शाळेत जाईपर्यंत फूल कुंपणावरच बघा, त्यालाही कडेवर घेऊन दाखवा. कंद मात्र कोणाला खणू देऊ नका. औषधाच्या नावाखाली खणून नेतात आणि मग वेल दिसेनाशी होते.

प्रश्न : दिवाळीपर्यंत टिकेल अशी सुकी सजावट रानातून जमेल का? मागच्या वर्षी गवत आणलं, ते घरभर टोचलं.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही कुसळी आणलीत. ती गुरांनाही नको असते, तुम्हाला कशाला? नदीकाठचे काशाचे पांढरे तुरे घ्या, पुरते फुलायच्या आधी, नाहीतर कापूस उडतो. मुरुडशेंगेच्या पिळदार शेंगा, बहाव्याची एखादी लांब काळी शेंग, फुलून मेलेल्या कारवीच्या काटक्या. कारवी हिरवी तोडायची नाही. बिचारी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते.

आणि कुरडू हवाच. तुरा अर्धा फुललेला असताना कापा, लहान जुड्या करून सावलीत उलट्या टांगा. आठ-दहा दिवसांत कागदासारखा कुरकुरीत होतो, गुलाबी-पांढरा रंग बराचसा राहतो. खाली वर्तमानपत्र अंथरा, कारण चकचकीत काळं बी गळत राहतं. ते झाडून गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत टाका. पावसाळ्यात उगवलं की कोवळी पानं खुडून लसणीच्या फोडणीवर परता. भाकरी ज्वारीची हवी.