बारा मिनिटांचं गाणं

प्रिय,

तुझा निरोप वाचून आधी राग आला, मग तुझी काळजी वाटली. बारा मिनिटांचं गाणं चारवर आणायचं म्हणून बॅण्डमधली बाकीची मागे लागलीत आणि तूही डळमळतेयस. कापू नकोस.

काल हॅलोवीन या जर्मन मेटल बॅण्डचा ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’ हा अल्बम पुन्हा लावला. पहिला भाग, १९८७चा. हॅम्बुर्गची ही पोरं. गायक मायकेल किस्के आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. माइक त्याच्याकडे देऊन काई हॅन्सन गिटारवरच राहिला. ‘हॅलोवीन’ हे गाणं हॅन्सनचंच, तेरा मिनिटांहून मोठं. मधे वेग उतरतो, सगळं अंधारून येतं, आणि मग ड्रमर इंगो श्विख्टेनबर्गचा डबल बेस ड्रम पुन्हा उधळतो. तिथे काटा येतो तो आधीच्या त्या संथ पट्ट्यामुळे. व्हिडिओसाठी हेच गाणं कापून पाचेक मिनिटांचं केलं. दोन्ही लागोपाठ ऐक, अगं. गिटारच्या रिफ आहेत, किस्केचा वर चढणारा आवाज आहे, पण चढणच गेली.

त्यांना जोडअल्बम हवा होता. रेकॉर्ड कंपनी नाही म्हणाली, म्हणून दुसरा भाग १९८८ साली आला. त्यातलं शीर्षकगीतही तेरा मिनिटांच्या वरच. द्वेषाच्या, भीतीच्या समुद्रात एकेक किल्ली फेकत निघालेल्या माणसाची गोष्ट आहे ती. चार मिनिटांत तो दुसऱ्या समुद्रापर्यंत तरी पोचला असता का?

आम्हालाही एका महोत्सवात पाच मिनिटं दिली होती. मी नाही म्हटलं, आमचं नाव यादीतून गेलं, आणि वर्षभरात बॅण्डही. त्या गाण्याचं रेकॉर्डिंग कुठेच नाही, याची हळहळ आजही आहे. मला हट्टी म्हणाले, गर्विष्ठ म्हणाले. गर्व नव्हता तो. गाणं तेवढंच होतं, मी काय करणार? आजही नाहीच म्हणेन.

तेव्हा ‘लोक ऐकत नाहीत’ हे मला सांगू नकोस. जमत नसेल तर चार मिनिटांचं दुसरं गाणं लिही, त्याला माझी ना नाही. हे कापू नकोस. आणि तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये सोलोच्या आधी ड्रमर घाई करतोय. तिथला थांबा अजून दोन मात्रांनी वाढवा.